पट्टीचं उजवं टोक

१९८

तिने डाव्या हाताने उजवा हात मनगटाशी धरून उचलला आणि काचेवरच्या पट्टीच्या उजव्या टोकावर ठेवला. चामड्याचा मोजा घातलेला तो हात पट्टीवर पडला तेव्हा पिठाची पिशवी ठेवल्यासारखा आवाज झाला. मग तिने तो थोडा पुढे सरकवला, बोटं एकेक करून पसरली आणि कोपराला टेबलाची कड टोचत नाही ना, ते वाकून पाहिलं. टोचली तरी तिला कळणार नव्हतं. म्हणून पाहावं लागे.

पट्टीच्या डाव्या टोकावर फडक्यात गुंडाळलेली वीट होती.

"उजवीकडेही वीटच ठेव ना," भाऊ दारातून म्हणाला. "एक ठेवतेस तशी दुसरी."

"ठेवलीय की."

"ताई, तो हात आहे."

"तेच म्हणतेय. एवढी वर्षं याच टेबलावर राबला. आता नुसता बसून खातो. वजन तरी होऊ दे."

काच कापायची हिरकणी तिने रॉकेलच्या झाकणात बुडवली, काचेच्या उजव्या काठाला टेकवली, श्वास आत घेतला आणि धरला. डावा हात पट्टीच्या अलीकडच्या कडेने उजवीकडून डावीकडे निघाला. चर्र आवाज एका सुरात, कुठेही न अडखळता, काठापर्यंत गेला. तिथे तिने श्वास सोडला. हिरकणी दातांत धरली, काच टेबलाच्या कडेबाहेर सरकवली, आतल्या भागावर वीट ठेवली आणि बाहेरचा भाग तळव्याने दाबला.

टक्.

दोन तुकडे झाले. कडा पाण्यासारख्या स्वच्छ.

भावाने कडांकडे पाहिलं नाही. त्याचं वय बेचाळीस, मिशीत पांढरे केस आणि घरात नाव अजून छोट्या. वडिलांमागे दुकान दोघांचं होतं: पुढच्या खोलीत गिऱ्हाइकं, मापं आणि फ्रेमा त्याच्याकडे, मागच्या खोलीत काच तिच्याकडे. मागच्या खोलीत यायचं तर तो दारात थांबून बोले. आज दोन पावलं आत आला.

"सोमवारपासून एक कारागीर येतोय," तो म्हणाला.

तिने हिरकणी दातांतून काढली.

"कशाला?"

"कशाला म्हणजे? या टेबलावर."

"या टेबलावर मी आहे."

"तू पुढे बस. खुर्ची आहे, पंखा आहे. लोक तुला विचारत येतात."

"लोक काय विचारायला येतात ते मला ठाऊक आहे."

"ताई, गेल्या आठवड्यात आरशावर रक्त होतं. कोणाचं ते शोधायला लागलं आपल्याला! तुझं होतं, आणि तुला पत्ता नव्हता."

"तुला कळलं ना? झालं तर."

"मी काय दिवसभर तुझ्या बोटांवर पहारा देऊ?"

त्या दिवसापासूनच मोजा आला होता. तिने मोज्यातली करंगळी सरळ केली, जी सरळच होती.

"बरं," ती म्हणाली. "नाचाच्या वर्गाचा आरसा सोमवारी कापायचाय ना? तीन फुटी? तो मी कापते. तुझ्या कारागिरासमोर. एक रेघ. सरळ आली तर टेबल माझं, तो दुसरीकडे काम शोधेल. वाकडी आली तर मी पुढे येऊन पंख्याखाली बसते. लोकांना हसून दाखवते."

"ही काय पैज लावायची गोष्ट आहे?"

"घाबरलास?"

लहानपणी हाच प्रश्न विचारून तिने त्याला विहिरीत उडी मारायला लावली होती. जाताना त्याने कापलेला तुकडा उचलला, कडेवरून अंगठा फिरवला आणि पुन्हा होता तिथे ठेवला.

०

वरचे आकडे काचेवरचे आहेत.

ती काच म्हणजे दोन बोटं रुंद, हातभर लांब, कचऱ्यात जाणारी एक पट्टी. टेबलामागच्या खिडकीत उभी असते. तिच्या कडेवर एक मिलिमीटरच्या अंतराने खुणा आहेत. एका दिवसाची एक.

त्याआधीचं थोडक्यात. रस्त्याच्या वळणावर सांडलेली वाळू, घसरलेली स्कूटर, खांद्यावर पडलेली बाई. मान एकीकडे गेली, खांदा दुसरीकडे. तीस वर्षं काचेने तिला खोल असा एक ओरखडा दिला नव्हता, आणि मूठभर वाळूने हात नेला. हाड मोडलं नाही, कातडी फारशी फाटली नाही. हात दिसायला अगदी तसाच होता. फक्त खांद्याला अडकवून ठेवलेला.

"मानेतून हातात जाणाऱ्या नसा मुळापासून उपटल्या गेल्यात," डॉक्टर म्हणाले. "त्या परत लावता येत नाहीत. आपण बरगड्यांमधल्या तीन नसा काढू आणि दंडाच्या स्नायूला जोडू. जमलं तर कोपर वाकेल."

"म्हणजे शेजारच्या घरातून वायर ओढायची," छोट्या म्हणाला.

"तसंच."

"बोटं?" तिने विचारलं.

"बोटांचं मी काही सांगत नाही."

डॉक्टरांची ही गोष्ट तिला आवडली. न सांगायचं ते ते सांगत नव्हते.

ऑपरेशन झालं. जोडलेली नस पहिला महिना झोपून राहते, डॉक्टर म्हणाले, मग रोज एक मिलिमीटर वाढते. दंडातल्या स्नायूपर्यंत पोचायला दोनशे दिवस धरा, थोडं मागेपुढे.

"मागेपुढे किती?"

"ते कसं सांगणार?"

"काचेत मागेपुढे नसतं, डॉक्टर."

"माणसात असतं," ते हसून म्हणाले.

महिना संपला त्या दिवशी ती मागच्या खोलीत आली. टेबलावर धूळ होती. वडिलांची हिरकणी तिने पहिल्यांदाच डाव्या हातात धरली आणि त्या पट्टीवर शून्याची खूण केली. नखाएवढी रेघ, पण आळी सरपटत गेल्यासारखी. आई चहा घेऊन आली होती. तिने चष्म्यातून पाहिलं.

"हे काय? कोंबडीने पाय दिला का?"

"डावी कोंबडी आहे. शिकेल."

५७

दवाखान्यात भरायला दिलेला कागद. डाव्या हाताचं अक्षर, पहिलीतल्या मुलीचं.

वेदना कशी आहे? योग्य तिथे खूण करा. जळजळ. टोचणी. चिरडल्यासारखी. विजेच्या झटक्यासारखी.
*(चारही ठिकाणी खूण.)* आळीपाळीने.

नेमकी कुठे?
बोटांत. जी मला जाणवत नाहीत त्याच बोटांत.

शून्य ते दहा यांत किती?
सकाळी सहा. आत्ता हा कागद बघून सात.

कशाने वाढते?
"आता कसं वाटतंय" याने.

कशाने कमी होते?
शाईचे तीन ठिपके आहेत, पेन टेकवून उचलल्याचे. मग:
काच कापताना आठवत नाही.

अन्य काही सांगायचे आहे?
खुर्च्या फार खाली आहेत.

१०९

व्यायाम शिकवणारी मुलगी सव्वीस वर्षांची होती आणि तिला काकू म्हणायची. आईने त्या मुलीचं नाव व्यायामवाली ठेवलं होतं.

"श्वास घ्या, काकू. मोठा. आणि श्वास घेताना मनात हात तोंडाकडे न्या. समजा हातात पाण्याचा पेला आहे."

"श्वासाचा आणि पेल्याचा काय संबंध?"

"सांगितलं की मागे. ती नस बरगडीतली आहे. आयुष्यभर तिने एकच काम केलंय: तुम्ही श्वास घेतला की छाती उचलायची. आता आपण तिला दंडात आणून बसवलंय, पण तिला अजून वाटतंय की ती बरगडीतच आहे. म्हणून आधी श्वासानेच तिला बोलवायचं. नंतर तिचं तिला कळेल, मग श्वासाची गरज नाही."

"नवी सून आहे म्हण. माहेरच्या नावाने हाक मारायची."

"अगदी बरोबर! घ्या श्वास. पेला."

तिने श्वास घेतला. मनात पेला उचलला. उजवा हात उशीवर मेल्या माशासारखा पडून होता.

"काही नाही."

"अजून पोचली नसेल. रोज करायचं. शंभर वेळा."

"उजव्या हाताने मी पाणी कधी प्यायलेच नाही," ती म्हणाली. "उजव्या हातात हिरकणी असायची. पाणी डाव्याने."

व्यायामवाली हसली. तिला हा विनोद वाटला.

१४१ ते १५२

*(या खुणा नाहीत. बारा मिलिमीटर कोरी काच.)*

१५३

तेराव्या दिवशी तिने दुकानाचं मागचं दार उघडलं. खिडकीतली पट्टी उचलली आणि कोऱ्या जागेकडे पाहिलं. राहिलेल्या खुणा आता मागून भरता आल्या असत्या. एका हाताने, एका बैठकीत, कोणाला कळलंही नसतं.

छोट्या पुढच्या खोलीतून डोकावला आणि परत गेला. त्या बारा दिवसांत ती आपल्या खोलीतून बाहेर पडली नव्हती; तो रोज तिच्या दारात उभा राहून गेला होता. आईने पहिले दोन दिवस समजावलं, पुढचे चार दिवस शिव्या दिल्या आणि मग नुसतं ताट ठेवून जाऊ लागली. तेराव्या दिवशी सकाळी ताट ठेवताना आई म्हणाली होती, "ती नस बरी, बाई. तुझी वाट न बघता चालतेय."

तिने कोरी जागा कोरीच ठेवली. बारा मिलिमीटर सोडून एकशे त्रेपन्नावी खूण केली. ती सरळ आली. पहिलीपासून सगळ्या नीट पाहिल्या तर आळी हळूहळू ताठ होत गेली होती, आणि एकशे चाळीसच्या आसपास तिची रेघ झाली होती.

त्याच दुपारी तिने पहिल्यांदा उजवा हात गळ्यातल्या झोळीतून काढून टेबलावरच्या पट्टीच्या टोकावर ठेवला. पट्टी हलली नाही.

"बघ," ती त्याला म्हणाली. भावाला नव्हे, हाताला. "आलास ना कामावर?"

२००

शनिवार. काही नाही.

व्यायामवालीने दंडावर दोन बोटं ठेवली, श्वास घ्यायला लावला, पेला उचलायला लावला. मग बोटं काढून वहीत काहीतरी लिहिलं. लिहायला जरा जास्तच वेळ घेतला.

"दोनशे म्हणजे दोनशेच नसतं हं, काकू."

"माहीत आहे. माणसात मागेपुढे असतं."

"सोमवारी काय करताय? जास्त वेळ बसता येईल का?"

"सोमवारी मला काम आहे," ती म्हणाली.

२०१

शर्ट घालताना लुळा हात आधी घालायचा, काढताना शेवटी काढायचा. आईला हे आता पाठ होतं. रविवारी सकाळी ती बाही ओढत होती आणि बाही दंडाशी अडकली होती.

"आई गं! बरगडीला कशाला चिमटा काढतेस?"

"मी कुठे बरगडीला हात लावला?"

"इथे. छातीखाली. आत्ता."

"बरगडी तुझी तुझ्यापाशी आहे. मी दंड धरलाय, बाही वर जात नाही म्हणून."

तिने मान वळवून पाहिलं. आईचा हात खरोखर दंडावर होता. सुरकुतलेली चार बोटं एका बाजूला, अंगठा दुसऱ्या बाजूला.

"परत धर."

"काय?"

"दंड. जोरात. मघाशी धरलास तसा."

आईने तिच्याकडे संशयाने पाहिलं आणि दंडाचा स्नायू पकडून चांगला पिळला, वर्गातल्या बाई कान पिळतात तसा. दंडाला काहीच कळलं नाही. पण उजव्या छातीखाली, तिसऱ्या-चौथ्या बरगडीच्या मध्ये, कोणीतरी आतून चिमटीत धरल्यासारखं झालं.

"अजून?"

"अजून."

"लहानपणी चिमटा काढला तर घर डोक्यावर घ्यायचीस. आता मागून घेतेस." आईने हात सोडला. "काय झालं? तोंड का असं केलंयस?"

"काही नाही. बाही ओढ."

आईने बाही ओढली, गुंड्या लावल्या, शेवटची गुंडी तिने स्वतः लावली. दिवसभरात ती कामं करता करता चार-पाच वेळा थांबली आणि डाव्या हाताने उजवा दंड दाबून पाहिला. दर वेळी बरगडीने उत्तर दिलं. तिने ते कोणाला सांगितलं नाही. अर्धी कापलेली काच कोणाला दाखवायची नसते, हे वडिलांचं म्हणणं होतं.

२०२

कारागीर पंचावन्नचा, काटकुळा, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. आत आल्यावर त्याने आधी खोलीतला उजेड पाहिला, मग टेबल, मग तिला. टेबलावर ताणलेल्या जाड ब्लँकेटवर हात फिरवून एक बारीक कच बोटाला चिकटवून उचलली आणि डब्यात टाकली. तिला हे आवडलं आणि आवडलं म्हणून रागही आला.

"छोट्याने सांगितली का अट?"

"सांगितली."

"मग बसा."

"उभाच बरा," तो म्हणाला.

छोट्याने आरसा आणून टेबलावर निजवला, पाठ खाली. जाड, तीन फूट रुंद. त्यावर तिचा चेहरा, छत आणि छोट्याची मिशी एकाच वेळी दिसत होती. भिंतीला टेकून तसाच आणखी एक आरसा उभा होता.

"तो दुसरा कशाला?" तिने विचारलं.

"असू दे," छोट्या म्हणाला. "दुकानात लागतात."

तिने माप घेतलं. वरून खाली, दोन ठिकाणी, पेन्सिलच्या खुणा. पट्टी आरशावर आडवी ठेवली, चार फुटी, दोन्हीकडे टोकं बाहेर. डावं टोक विटेखाली. मग तिने डाव्या हाताने उजवा हात झोळीतून उचलला आणि उजव्या टोकावर ठेवला. मोज्यातली बोटं पसरली. वाकून कोपर पाहिलं.

कारागिराने चष्मा नाकावर वर सरकवला.

हिरकणी रॉकेलमध्ये बुडली, वर आली, एक थेंब झटकला गेला.

"छोटी काच छोटा श्वास, मोठी काच मोठा श्वास," वडील सांगायचे. "रेघ संपेपर्यंत पुरला पाहिजे. मध्ये श्वास घेतला की हात हललाच." ती तेव्हा नऊ वर्षांची होती आणि न्हाणीघरात बादलीत तोंड बुडवून श्वासाचा सराव करायची. "आणि वाकडी आली तर? तर वाकडी आली. दुसऱ्यांदा त्यावरून फिरवायची नाही. काचेवर रेघ एकदाच."

तिने हिरकणी टेकवली. श्वास घेतला. कितीतरी महिन्यांत एवढी मोठी काच आली नव्हती, म्हणून एवढा मोठा श्वासही घेतला नव्हता. छाती भरली, बरगड्या उघडल्या, आणि तिने तो धरला.

चर्र.

एक वीत गेली. दुसरी वीत. हिरकणी आरशाच्या मध्यावर आली, तरी श्वास अजून पुष्कळ होता. तिने तो आणखी घट्ट धरला.

पट्टी तिच्याकडे आली.

फार नाही. बोटाचं कांडंभरही नाही. उजवं टोक तिच्या अंगाकडे ओढलं गेलं, विटेखालचं टोक किंचित फिरलं आणि तिच्या डोळ्यांसमोर रेघ वाकली. मध्येच थांबायचं नाही म्हणून ती थांबली नाही. वाकडी तर वाकडी, काठापर्यंत नेली. आवाज शेवटपर्यंत एका सुरात होता. काठावर तिने हिरकणी उचलली आणि श्वास सोडला.

आरशात आता एक रेघ होती, आणि त्या रेघेला मध्यावर एक पाय फुटला होता.

"सरकली पट्टी," छोट्या शेवटी म्हणाला. त्याच्या आवाजात जिंकल्याचं काहीही नव्हतं. "मी म्हटलं होतं ताई, वीट ठेव म्हणून. असं लुळं वजन सरकणारच. त्यात तुझा दोष नाही. पट्टी सरकली, एवढंच."

ती आरशाकडे पाहत उभी होती. चेहरा पांढरा पडला होता. छोट्याला वाटलं ती आता हिरकणी फेकेल किंवा रेघेवरून पुन्हा फिरवेल. त्याने दोन्हीसाठी हात पुढे केला.

तेवढ्यात कारागीर टेबलाशी आला. खाली वाकला, एवढा की नाक जवळजवळ काचेला लागलं, आणि अंगठ्याचं नख रेघेवरून सावकाश नेलं. मध्यावर आला. थांबला. परत मागे गेला, परत मध्यावर आला.

"सरकलेली नाही," तो म्हणाला.

"डोळ्यांसमोर सरकली की!" छोट्या म्हणाला.

"हिरकणी पट्टीच्या अलीकडे होती. दाब पलीकडे होता. पट्टी सरकली असती तर पलीकडे गेली असती, भिंतीकडे. नेहमी तिकडेच जाते." त्याने नख उचललं. "ही अलीकडे आलीय. बाईंच्या अंगाकडे."

"मग?"

"मग काय? कोणीतरी ओढली."

छोट्याने विटेकडे पाहिलं. मग कारागिराकडे, मग खोलीच्या रिकाम्या कोपऱ्यांकडे, जणू तिथे चौथं कोणी उभं असेल. मग पट्टीच्या उजव्या टोकाकडे.

"ताई?"

तोंड मिटून तिने नाकाने श्वास घेतला, भरून, बादलीत तोंड बुडवण्याआधी घेतात तसा.

चामडं पट्टीवर खरवडलं. मोजा बोटभर मागे आला, थरथरत तिथे राहिला, आणि तिने श्वास सोडल्यावर पुन्हा पिशवीसारखा पडला.

छोट्या मागे सरकत गेला आणि त्याला स्टूल लागलं. तो त्यावर बसला. मिशी दाताखाली धरली.

"रडायचं असेल तर पुढे जा," ती म्हणाली. "काचेवर पाणी पडलं तर डाग राहतात."

"मी कुठे रडतोय?"

"मग नाक कशाला ओढतोस?"

कारागिराने चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला आणि तो वाकडा आरसा एका टोकाने धरला.

"हा बाजूला घेऊ का?"

"घ्या. तोडू नका. असू दे तसाच."

दोघांनी मिळून तो भिंतीला उभा केला. तो दोन हातांनी, ती एका हाताने आणि मांडीने. उभा राहिल्यावर त्यात खिडकी दिसली आणि खिडकीतली खुणांची पट्टी. वाकडी रेघ बरोबर तिच्यावरून गेली होती.

"अट मी हरले," ती म्हणाली. "वाकडी ती वाकडी. पण टेबल मी सोडत नाही."

"मग अट कशाला घातलीस?" छोट्या स्टुलावरून म्हणाला. नाक अजून वाजत होतं.

"जिंकेन असं वाटलं म्हणून." ती कारागिराकडे वळली. "टेबल आठ फुटी आहे. तुम्ही त्या बाजूला उभे राहा."

त्याने त्या बाजूकडे पाहिलं, मग खिडकीकडे.

"उजेड तुमच्या बाजूला जास्त येतो."

"येतो."

"ठीक आहे," तो म्हणाला. टेबलाला वळसा घालून पलीकडे गेला, खिशातून स्वतःची हिरकणी काढली आणि आपल्या कोपऱ्यात, ब्लँकेटच्या घडीवर ठेवली. ठेवताना त्याच्या डोळ्यांत हसू होतं की काय ते चष्म्यामुळे कळलं नाही.

तिने डाव्या हाताने उजवा हात पट्टीवरून उचलला. मोजा दातांनी ओढून काढला. आतली बोटं पांढरी, घामेजलेली आणि नेहमीसारखीच होती. बोटांचं कोणी काही सांगितलं नव्हतं. तिने हात झोळीत ठेवला, झोळीची गाठ मानेशी नीट केली, आणि विटेखालची पट्टी मोकळी केली.

"छोट्या, तो दुसरा आरसा आण. दुकानात लागतात म्हणून आणलायस ना?"

छोट्या उठला. आरसा उचलताना तो एकदा थांबला, पण मागे वळला नाही.

"आणि मागच्या अंगणातून एक वीट आण. फडक्यात गुंडाळून."

"वीट?"

"पट्टीच्या उजव्या टोकाला." तिने हिरकणी रॉकेलमध्ये बुडवली. "हा हात आता त्या कामाचा राहिला नाही."